दोन सूत

शनिवारी अंबडला लाइट नव्हती,
इंजिन तसंच टांगून ठेवलं रात्रभर,
खाली लाकडी ठोकळे, वर चेन कप्पी,
आणि शटर ओढताना उगाच एकदा
वळून बघितलं त्याच्याकडे,
दवाखान्यात कुणाला ठेवून निघावं तसं.

काँटेसा आहे. गायधनी डॉक्टरांची, एकोणनव्वदची.
जुनं इंजिन बसलं, म्हणून दुसरं बसवायचं.
गिऱ्हाइकाला हे वाक्य ऐकून हसू येतं.
मला येत नाही, रोजचंच आहे.
डॉक्टरांना जाऊन दोन वर्षं झाली. मुलगी म्हणाली,
विकायची नाही काका, चालवायचीय.

फाउंडेशनं कोइमतूरहून आली, खोक्यात, पिवळीधमक.
रबर नाही, पॉली. नखाने दाबून बघितलं
तर नखच वाकलं.
सोबतच्या कागदावर सगळं सोपं होतं.
गाडीत धरलं, तर भोक दोन सूत पुढे.
रोहिदासला मिलिमीटर कळतात, सूत कळत नाही.
म्हटलं, पाव इंच रे.
एवढ्यावरून लग्नं मोडतात.

तो कानस घेऊन चेसिसकडे निघाला,
मी हात धरला. चेसिसचं भोक ओढायचं नाही,
ते आधीपासून इथं राहतंय.
कापायचं तर आपण आणलेलं कापायचं.
पुंजाजी टर्नरने ब्रॅकेट तोडलं, पाव इंच पट्टी घातली,
वेल्डिंगचा पैसा घेतला नाही, तंबाखू घेतली.

मग हळूहळू कप्पी सोडत
कट् कट् कट् एकेक कडी
खाली येताना इंजिन किंचित फिरतं स्वतःभोवती,
त्याला घाई नसते, घाई आपल्याला.
सम्प वाचला. पंखा आणि रेडिएटरमध्ये एक बोट राहिलं,
माझं बोट, रोहिदासचं नाही.
बोल्ट सगळे हाताने धरायचे, दोन-दोन आटे.
आधी कुणालाच आवळायचं नाही.
पहिला आवळलास की दुसरा रुसतो.
वजन बसू दे, गाडीला एकदा गदागदा हलव,
ज्याला जिथं टेकायचं तिथं टेकू दे,
मग पाना.

जुनी रबरं बाकावर पडली होती.
तेल पिऊन फुगलेली, मधोमध उललेली.
एक पुसलं सहज, फडक्याने,
तर कडेला मसुरीएवढा फुगवटा.
सातपूरला मी नऊ वर्षं प्रेसवर होतो.
सात नंबरच्या साच्याला तिथंच टवका होता,
फोरमनला सांगून थकलो, साचा काही बदलला नाही,
आणि निघणाऱ्या प्रत्येक रबराला ही मसूर.
आमच्या पाळीचं असेल, किंवा भागूजीच्या.
गंधकाचा वास सुद्धा आला, किंवा वाटलं आला.
तीस-बत्तीस वर्षं हे इंजिनाखाली दबून होतं
आणि वरच्याला कळू दिलं नाही
खाली काय हादरतंय.

चावी मारली. दुसऱ्याच फेऱ्यात उठलं.
चहाचा ग्लास मडगार्डवर ठेवलेला,
तो आपोआप चालायला लागला कडेकडे.
रोहिदासने झेलला, म्हणाला, उस्ताद, दोन सूत सरकला.
आता कळलं म्हणजे.

मुलगी स्टिअरिंगला हात लावून बसली बराच वेळ.
आरसा थरथरत होता, त्यात पांडवलेणीचा डोंगरही.
"बाबांच्या वेळी एवढं जाणवायचं नाही."
म्हटलं, पॉली आहे ताई, कडक असते, ताकदीला चांगली.
नको असेल तर रबराची शोधतो, पण टिकणार नाहीत.
ती म्हणाली, राहू द्या. जाणवू दे.

विल्होळीकडे गेली. आवाज लांबेपर्यंत उभा राहिलो,
तिसऱ्याला जरा ओढते, क्लच बघावा लागेल.
रोहिदास जुनी रबरं भंगारात टाकायला निघालेला,
त्यातलं एक काढून घेतलं.
बिलात ते कुठं लिहायचं नव्हतंच.